टीव्हीचा कलर आउटपुट कसा निवडावा: आरजीबी, वायसीबीसीआर, लिमिटेड, फुल आणि बाकीचा गोंधळ

घरी नवा फोर-के टीव्ही येतो. कोणीतरी टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकच्या किंवा गेम कन्सोलच्या सेटिंगमध्ये शिरतं. तिथे ‘लिमिटेड’ आणि ‘फुल’ असे दोन पर्याय दिसतात. टीव्हीचे पैसे पूर्ण मोजलेत तर लिमिटेड का घ्यायचं, या हिशोबाने ‘फुल’ दाबलं जातं. रात्री सिनेमा लावला की काळ्या कोटातल्या माणसाचं फक्त तोंड दिसतं, कोट पार्श्वभूमीत विरघळलेला. मग ब्राइटनेस वाढवला जातो. दुसऱ्या दिवशी क्रिकेट लावलं तर मैदान धुरकट. मग कॉन्ट्रास्ट वाढवला जातो. आठवड्याभरात निष्कर्ष निघतो की पॅनेलच खराब आलंय, आणि दुकानदाराला फोन जातो.

माझ्या मावसभावाकडे हे जसंच्या तसं घडलं. टीव्ही बदलून आणायला निघालेल्या माणसाला मी थांबवलं आणि एक सेटिंग बदललं, तेवढ्यात कोट परत आला. त्यानंतर निदान सात-आठ घरांत हेच केलंय. सेटिंग प्रत्येक घरी वेगळं निघालं, चूक मात्र तीच होती: चित्र पाठवणारं यंत्र एका मापात बोलतं आणि टीव्ही दुसऱ्या मापात ऐकतो. शिंप्याने माप इंचात घ्यायचं आणि कारागिराने सेंटीमीटरमध्ये कापायचं, तसा हा प्रकार. कापड कितीही भारी असलं तरी सदरा बसणार नाही.

खाली दिलेला क्रम पाळा. मधली पायरी गाळून पुढे गेलात तर आधी केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

## तयारी: रिमोट हातात घेण्याआधी

१. एक कागद घ्या. टीव्हीला काय काय जोडलंय ते लिहा: डीटीएच बॉक्स, फायर टीव्ही स्टिक, गेम कन्सोल, लॅपटॉप, साउंडबार. प्रत्येकापुढे लिहा की ते टीव्हीच्या कोणत्या एचडीएमआय पोर्टला जोडलंय आणि त्यावर मुख्यतः काय पाहता. हे दुसरं महत्त्वाचं, कारण सिनेमासाठीचं योग्य सेटिंग आणि लॅपटॉपवरच्या एक्सेलसाठीचं योग्य सेटिंग एकच नसतं.

२. एक चाचणी-चित्र बनवा. लॅपटॉपवर पेंट उघडा, १९२० × १०८० मापाचा कॅनव्हास घ्या. डावा अर्धा भाग पूर्ण काळा भरा (लाल, हिरवा, निळा तिन्ही ०). त्यावर सहा चौकोन काढा आणि त्यांचे तिन्ही आकडे अनुक्रमे ४, ८, १२, १६, २०, २४ ठेवा. उजवा अर्धा भाग पूर्ण पांढरा (२५५), त्यावर चौकोन २५१, २४७, २४३, २३९, २३५ असे. पीएनजी म्हणून सेव्ह करा. दहा मिनिटांचं काम आहे.

> सावधान: हे चित्र व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ते दाबून जेपीजी होतं आणि इतके जवळचे आकडे एकमेकांत मिसळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर चालतं.

३. टीव्ही अर्धा तास चालू ठेवा आणि तपासणी संध्याकाळी, दिवे मंद करून करा. दुपारी हॉलमध्ये ऊन असताना काळ्या रंगाविषयी काहीही ठरवू नये.

## टप्पा १: केबल आणि पोर्ट

हे आधी, कारण केबल दुबळी असेल तर पुढचं कोणतंही सेटिंग टिकत नाही.

एचडीएमआय २.० ची वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. एचडीएमआय २.१ ची ४८. केबलवर मात्र आवृत्तीचा आकडा पाहू नका. पाकिटावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असेल तर ती १८ साठी तपासलेली, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असेल तर ४८ साठी. अशा केबलच्या पाकिटावर स्कॅन करून खरेपणा तपासता येईल असं लेबल असतं. नुसतं ‘फोर-के सपोर्ट’ एवढंच छापलेलं असेल तर त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. फ्लॅटचं इंटीरियर करताना भिंतीतून एचडीएमआय केबल घातलेली असते. ती सात-आठ वर्षांपूर्वीची, दहा मीटर लांब, आणि आता तिच्यावर पीओपी आणि वॉलपेपर. अशी लांब साधी तांब्याची केबल १०८०पी आरामात नेते, पण फोर-के ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) धापा टाकते. भिंत फोडायची नसेल तर पुढे टप्पा ५ मधला ४:२:० चा मार्ग तुमच्यासाठी आहे.

पोर्टही सारखे नसतात. बऱ्याच टीव्हींमध्ये चारपैकी एक-दोनच पोर्ट पूर्ण क्षमतेचे असतात आणि तसं पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मोबाईलचा टॉर्च लावून वाचा. कन्सोल त्या पोर्टला, डीटीएच बॉक्स उरलेल्या कोणत्याही.

आणि हो, डीटीएच बॉक्स एचडी आहे पण टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलाय, असं अजूनही कितीतरी घरांत दिसतं. त्या वायरमधून ५७६ ओळींचंच चित्र येतं. एचडी पॅकचे पैसे दर महिन्याला जात राहतात. ती वायर आज काढा.

तपासा: चित्रात पांढरे किंवा रंगीत ठिपके चमचमतात का? स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते का? दोन्ही दुबळ्या केबलची लक्षणं आहेत, रंगाच्या सेटिंगची नाहीत.

## टप्पा २: टीव्हीवरचं पोर्ट ‘उघडा’

बऱ्याच टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट जुन्या उपकरणांशी जमावं म्हणून कमी क्षमतेवर ठेवलेले येतात. ते हाताने वाढवावं लागतं, आणि प्रत्येक पोर्टसाठी वेगळं.

सॅमसंगवर या सेटिंगचं नाव ‘इनपुट सिग्नल प्लस’, जुन्या मॉडेलवर ‘एचडीएमआय यूएचडी कलर’. एलजीवर ‘एचडीएमआय डीप कलर’. सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’, त्यात ‘स्टँडर्ड’ ऐवजी ‘एन्हान्स्ड’. इतर काही टीव्हींवर हेच ‘एचडीएमआय व्हर्जन’ किंवा ‘ईडीआयडी’ या नावाने १.४ आणि २.० अशा पर्यायांत असतं. २.० किंवा त्यापुढचा निवडा.

हे न करता स्टिकमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) शोधत बसणारे खूप. टीव्हीनेच ‘मला जमत नाही’ असं सांगितल्यावर स्टिक तो पर्याय दाखवणार तरी कसा?

मध्ये साउंडबार किंवा एव्ही रिसीव्हर असेल आणि चित्र त्यातून जात असेल, तर त्याच्या मेन्यूतही अशीच सेटिंग असते. ती राहिली तर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही बरोबर असूनही काम अडतं. शंका असेल तेव्हा उपकरण थेट टीव्हीला जोडून पाहा आणि आवाज एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर पाठवण्याची सोय) साउंडबारला पाठवा.

## टप्पा ३: टीव्हीची स्वतःची कारागिरी बंद करा

पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ वरून काढून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर, इको मोडचा आपोआप उजेड कमी-जास्त करणारा भाग, सगळं बंद. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट त्या मोडच्या मूळ आकड्यांवर परत न्या.

पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मरगळलेलं वाटेल. दुकानातल्या निळसर झगमगाटाची डोळ्यांना सवय झालेली असते. दोन दिवस द्या.

हा टप्पा इथेच का? कारण डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असताना चाचणी-चित्रातले चौकोन टीव्ही मनानेच उजळ-गडद करतो. तुम्ही जे मोजाल ते खोटं असेल.

चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत हेही पाहून घ्या. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू हवा.

## टप्पा ४: रिझोल्यूशन आणि हर्ट्झ

आता उपकरणाकडे वळा. रिझोल्यूशन टीव्हीचं असेल ते. हर्ट्झबाबत मात्र आपल्या देशाचा विचार करावा लागतो. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, सिनेमे बहुतेक सेकंदाला २४ फ्रेमचे, आणि स्टिक ठोकून ठेवलेली असते ६० हर्ट्झवर. लाइव्ह क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळताना जो बारीक झटका बसतो, तो यातूनच येतो.

उपाय: फायर टीव्हीवर ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ चालू करा, अॅपल टीव्हीवर ‘मॅच कंटेंट’मधले दोन्ही पर्याय. अॅपने साथ दिली तरच याचा उपयोग होतो, आणि बदलताना स्क्रीन क्षणभर काळी होते. तो बिघाड समजू नका.

डीटीएच बॉक्सवर १०८०आय ठेवावं की १०८०पी? एचडी चॅनेल मुळात १०८०आय येतात, म्हणजे एकाआड एक ओळी दोन खेपांत; १०८०पी मध्ये सगळ्या ओळी एकदम. ओळी जोडण्याचं काम बॉक्सपेक्षा चांगल्या टीव्हीकडून बरं होतं, असं माझं मत. दोन्ही लावून बातम्यांच्या खालच्या पट्टीकडे पाहा. अक्षरं कशात कमी थरथरतात ते ठेवा.

## टप्पा ५: कलर फॉरमॅट

इथे तीन-चार पर्याय दिसतात: आरजीबी, वायसीबीसीआर ४:४:४, ४:२:२, ४:२:०. (काही ठिकाणी वायसीबीसीआरला वाययूव्ही म्हटलेलं असतं. इथे दोन्हींचा अर्थ एकच.)

आरजीबीत प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा वेगळा पाठवला जातो. वायसीबीसीआरमध्ये उजेड वेगळा आणि रंगाची माहिती वेगळी. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून रंगाची माहिती कमी पाठवून जागा वाचवता येते. ४:४:४ मध्ये काहीच कमी केलेलं नसतं, ४:२:२ मध्ये रंगाची माहिती निम्मी, ४:२:० मध्ये पाव.

आकडे कमी म्हणजे चित्र वाईट, अशी समजूत इथे होते. पण ब्लू-रे काय किंवा ओटीटीवरचा सिनेमा काय, ते साठवलेलेच ४:२:० मध्ये असतात. स्टिकला ४:४:४ वर ठेवलं तर ती पाव माहितीवरून बाकीची अंदाजाने भरून पाठवते. नवीन काही येत नाही. ते भरण्याचं काम स्टिकने करायचं की टीव्हीने, एवढाच प्रश्न उरतो.

आता १८ गिगाबिटच्या रस्त्यावर फोर-के ६० हर्ट्झ कसं बसतं ते पाहा (५० हर्ट्झलाही तेवढीच जागा लागते; बिट म्हणजे रंगाच्या पायऱ्यांचं माप, ते टप्पा ७ मध्ये येईल):

- आरजीबी किंवा ४:४:४, ८ बिट: १७.८२ गिगाबिट. काठोकाठ बसतं.
- आरजीबी किंवा ४:४:४, १० बिट: २२.२८. बसत नाही.
- ४:२:२, १२ बिटपर्यंत: १७.८२. बसतं.
- ४:२:०, १० बिट: ११.१४. आरामात बसतं.

२४ फ्रेमच्या सिनेमाला मात्र फोर-के, ४:४:४, १० बिट असूनही ११.१४ च लागतात, म्हणून तिथे ओढाताण नसते.

यावरून निवड अशी:

सिनेमा, मालिका, क्रिकेट: वायसीबीसीआर ४:२:२. पर्याय नुसता ‘वायसीबीसीआर’ असेल तर तोच घ्या. केबल भिंतीत गाडलेली आणि लांब असेल तर बिनधास्त ४:२:०. सोफ्यावरून सिनेमात फरक कळणार नाही.

लॅपटॉपचं काम: आरजीबी किंवा ४:४:४. इथे तडजोड नको. ४:२:० वर रंगीत अक्षरांच्या कडा फाटतात. काळ्यावर लाल अक्षर किंवा निळ्यावर जांभळं अक्षर लिहून पाहा. सॅमसंग आणि एलजीवर त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ केलं नाही, तर टीव्ही आत आलेलं ४:४:४ ही कमी करून दाखवतो. हे नावापुरतं सेटिंग वाटतं, म्हणून सगळ्यांकडून राहून जातं.

गेम कन्सोल: ‘ऑटोमॅटिक’वर सोडा. प्लेस्टेशन ५ च्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत एचडीआर चालू असताना ‘वाययूव्ही४२२’ दिसलं तर घाबरू नका. वरचा हिशोब पाहिलात तर कळेल की १८ गिगाबिटच्या टीव्हीवर फोर-के ६० आणि १० बिट एकत्र बसवायला रंगाची माहिती अशी कमी करावीच लागते.

## टप्पा ६: रेंज. निम्मी घरं इथे चुकतात

८ बिटच्या चित्रात उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, ० ते २५५. ‘फुल’ रेंजमध्ये काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. ‘लिमिटेड’ रेंजमध्ये काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. टीव्ही आणि सिनेमाचं जग लिमिटेडवर चालतं, कॉम्प्युटरचं फुलवर.

सिनेमा मुळात १६ ते २३५ मध्येच बसवलेला असतो. उपकरण ‘फुल’वर केलं तर ते हे माप ताणून ० ते २५५ करून पाठवतं. रंग वाढत नाहीत, पट्टी बदलते. टीव्हीलाही ती पट्टी बदलल्याचं कळलं तर ठीक. नाही कळलं तर:

- उपकरण फुल, टीव्ही लिमिटेड: ० ते १६ सगळं काळंच. सावल्या, केस, काळे कपडे गायब. ढग आणि पांढरे सदरे सपाट पांढरे.
- उपकरण लिमिटेड, टीव्ही फुल: काळा राखाडी होतो, पांढरा मळका. चित्रावर विरळ धुकं.

दोन्ही बाजू फुल किंवा दोन्ही लिमिटेड असतील तर चित्र जवळजवळ सारखंच दिसतं. तेव्हा मोठा पर्याय शोधू नका, जोडी जुळवा.

सर्वांत सोपी पळवाट टप्पा ५ मध्येच होती. वायसीबीसीआर घेतलं की रिवाजाने रेंज लिमिटेडच असते, आणि टीव्हीही तसंच धरतो. सिनेमाच्या उपकरणांना मी वायसीबीसीआर सांगतो त्यामागे रंगाच्या बारकाव्यापेक्षा हे कारण मोठं आहे. ४:२:२ आणि ४:४:४ मधला फरक सिनेमात सोफ्यावरून दिसत नाही. रेंजची चूक स्वयंपाकघरातूनही दिसते.

आरजीबी असेल तर असं करा:

१. उपकरणावर रेंज शोधा. प्लेस्टेशनवर ‘आरजीबी रेंज’. एक्सबॉक्सवर ‘कलर स्पेस’, त्यात ‘स्टँडर्ड’ म्हणजे लिमिटेड आणि ‘पीसी आरजीबी’ म्हणजे फुल. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’. एएमडीवर ‘पिक्सेल फॉरमॅट’.

२. टीव्हीवर तिची जोडीदार शोधा. सॅमसंगवर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’: ‘लो’ म्हणजे लिमिटेड, ‘नॉर्मल’ म्हणजे फुल. एलजीवर ‘ब्लॅक लेव्हल’: ‘लो’ म्हणजे लिमिटेड, ‘हाय’ म्हणजे फुल. सोनीवर ‘एचडीएमआय व्हिडिओ रेंज’, तिथे सरळ लिमिटेड आणि फुल लिहिलेलं असतं.

३. आधी दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवून पाहा. बहुतेक नव्या टीव्हींवर जमतं. नाही जमलं तरच हाताने जुळवा: कन्सोल आणि स्टिकसाठी दोन्ही लिमिटेड, लॅपटॉपसाठी दोन्ही फुल.

> सावधान: ‘ब्लॅक लेव्हल’ हा पर्याय करडा पडलेला असेल, दाबला जात नसेल, तर टीव्ही बिघडलेला नाही. बऱ्याच टीव्हींवर तो फक्त आरजीबी सिग्नल आला की जागा होतो. म्हणजे तुमचं उपकरण वायसीबीसीआर पाठवतंय. टप्पा ७ वर जा.

लॅपटॉप जोडल्यावर चित्र फिकं का येतं, हा प्रश्न वारंवार येतो. १९२० × १०८० हे टीव्हीचंही माप आहे. ग्राफिक्स कार्डला वाटतं समोर टीव्ही आहे, ते लिमिटेड पाठवतं. टीव्हीला वाटतं समोर कॉम्प्युटर आहे, तो फुल धरतो. दोघेही आपापल्या परीने शहाणे.

तपासा: लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, नाइट लाइट आणि एचडीआर बंद करा, चाचणी-चित्र पूर्ण पडद्यावर लावा. काळ्या बाजूला ८ आणि १२ चे चौकोन अंधुक दिसायला हवेत. १६ पर्यंतचे सगळे नाहीसे झाले असतील तर उपकरण फुल आणि टीव्ही लिमिटेड आहे. सगळे चौकोन लख्ख दिसतायत आणि मागचा काळाच राखाडी आहे, तर उलट. खात्रीसाठी रिकाम्या पोर्टवर जा आणि ‘नो सिग्नल’चा काळा रंग शेजारी आठवून पाहा. पांढऱ्या बाजूला निदान २४७ चा चौकोन वेगळा कळला पाहिजे.

> सावधान: हेच चित्र पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीच्या यूएसबीला लावून तपासू नका. ते टीव्हीच्या आतल्या आत चालतं, एचडीएमआयच्या वाटेला जातच नाही. तिथे पास झालं म्हणून स्टिकचं सेटिंग बरोबर ठरत नाही.

## टप्पा ७: बिट

८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० म्हणजे १०२४, १२ म्हणजे ४०९६. काही उपकरणांवर २४, ३०, ३६ असे आकडे दिसतात. ते तिन्ही रंगांची बेरीज आहे, ३० म्हणजे तुमचं १० बिट. एक्सबॉक्सवर ‘३०’ पाहून १० बिटच्या तिप्पट मिळालं असं कोणी समजू नये. समजलेले लोक मला भेटलेत.

एचडीआर पाहणार असाल तर १० बिट. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या चित्राला ८ पुरतं, कारण ते मुळातच ८ बिटचं असतं. ‘१२ पर्यंत’ असा पर्याय असेल तर वायसीबीसीआरसोबत तो ठेवायला हरकत नाही. पण आरजीबी आणि १२ बिट दोन्ही हट्टाने मागितलं, तर ते १८ गिगाबिटमध्ये मावत नाही. मग उपकरण गुपचूप ४:२:० वर उतरतं किंवा हर्ट्झ कमी करतं. म्हणून बदल केल्यावर उपकरणाच्या माहितीच्या पानावर प्रत्यक्ष काय चाललंय ते वाचा.

मावळतीच्या आकाशात पट्टे दिसतात म्हणून बिट वाढवायला जाल तर बहुधा निराशा होईल. ते पट्टे बऱ्याचदा ओटीटीने चित्र दाबल्यामुळे आलेले असतात.

## टप्पा ८: एचडीआर

नेहमीची चूक एकच: ‘ऑलवेज एचडीआर’. मग बातम्या, जुने मराठी सिनेमे, मेन्यू, सगळं एचडीआरच्या पोशाखात येतं आणि चेहऱ्यांचे रंग बिघडतात. फायर टीव्हीवर ‘अॅडॅप्टिव्ह’ निवडा. अॅपल टीव्हीवर मूळ फॉरमॅट साधा एसडीआर ठेवा आणि ‘मॅच डायनॅमिक रेंज’ चालू करा. म्हणजे सिनेमा एचडीआर असेल तेव्हाच टीव्ही एचडीआरमध्ये जाईल.

एचडीआर लागलं की टीव्ही वेगळा पिक्चर मोड वापरतो. टप्पा ३ मध्ये बंद केलेली कारागिरी तिथे चालूच असते. एक एचडीआर सिनेमा लावून, तो चालू असतानाच, टप्पा ३ पुन्हा करा. डॉल्बी व्हिजनसाठी (हा एचडीआरचाच एक प्रकार) तिसऱ्यांदा.

डॉल्बी व्हिजन चालू असताना काही टीव्हींच्या माहितीच्या पट्टीत ‘आरजीबी ८ बिट’ दिसतं. त्या पद्धतीत १२ बिटची माहिती आरजीबीच्या पिशवीत घालून पाठवली जाते, पट्टी फक्त पिशवीचं नाव वाचते. तिथे काही दुरुस्त करू नका.

## टप्पा ९: ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट, सर्वांत शेवटी

लोक जिथून सुरुवात करतात ते इथे येतं. रेंज जुळल्यावर या दोन्हींना फारसा हात लावावा लागत नाही. काळ्यातला ८ चा चौकोन दिसेपर्यंत ब्राइटनेस एक-दोन अंश, पांढऱ्यातला २४७ चा वेगळा राहील इतपत कॉन्ट्रास्ट. पाचाहून जास्त अंश सरकवावे लागले तर टप्पा ६ कुठेतरी चुकलाय, मागे जा.

नावांचा घोळ लक्षात ठेवा. सोनीच्या बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ म्हणजे मागचा दिवा, आणि काळा रंग हलतो तो ‘ब्लॅक लेव्हल’ने. सॅमसंग-एलजीवर ‘ब्लॅक लेव्हल’ म्हणजे वर पाहिलेली रेंज. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेला आकडा दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीवर टाकू नका. मागचा दिवा हवा तितका वाढवा, दिवसा जास्त, रात्री कमी. त्याने रंगांचं माप बिघडत नाही.

## लक्षणावरून मागे जाण्यासाठी

सगळ्या उपकरणांवर चित्र सारखंच गडद किंवा फिकं आहे: टीव्हीचा पिक्चर मोड, टप्पा ३. एकाच उपकरणावर आहे: त्या उपकरणाची रेंज, टप्पा ६. चेहरे हिरवे किंवा गुलाबी, सगळं चित्रच एका रंगात बुडालेलं: एक बाजू आरजीबी आणि दुसरी वायसीबीसीआर धरून बसली आहे. केबल काढून, दोन्ही यंत्रं मुख्य बटणापासून बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा जोडा. सेटिंग बदलल्यावर स्क्रीन काळीच राहिली: पंधरा-वीस सेकंद काहीही दाबू नका, बहुतेक उपकरणं स्वतःहून मागच्या सेटिंगवर येतात. घाईत रिमोटची बटणं दाबणारा माणूस नको तो पर्याय पक्का करून ठेवतो.

शेवटी तो पहिला कागद पुन्हा घ्या. प्रत्येक उपकरणापुढे फॉरमॅट, रेंज, बिट आणि टीव्हीवरची ब्लॅक लेव्हल लिहा, फोटो काढून ठेवा आणि कागद टीव्हीमागे चिकटवा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर किंवा उपकरण दुसऱ्या पोर्टला जोडल्यावर टप्पा २ आणि ६ मधली सेटिंगं मूळ जागी गेलेली असू शकतात. त्या दिवशी आधी हीच दोन पाहा, बाकीची सहसा जागेवर असतात.